कबुतराच्या शेपटीला बांधायची चिनी शिट्टी : अमळनेरच्या गच्चीवर दिवाळी ते आखाजी

माझ्या नणंदेचा मुलगा मागच्या वर्षी कंपनीच्या कामाने दोन महिने बीजिंगला होता. परत निघायच्या आधी त्याचा फोन आला, "मामी, तुमच्यासाठी काय आणू?" मी शिवणकाम करते, म्हणून रेशमी दोरा सांगितला. दोरा त्याने आणलाच, पण आजोबांसाठी, म्हणजे माझ्या सासऱ्यांसाठी (आम्ही त्यांना आबा म्हणतो), बुटाच्या खोक्याएवढं एक खोकंही आणलं. उघडलं तर आत कापसात गुंडाळलेल्या चार शिट्ट्या. या तोंडाने वाजवायच्या नसतात. कबुतराच्या शेपटीच्या मुळाशी बांधायच्या, आणि कबुतर उडालं की वाऱ्यावर त्या आपोआप वाजतात. चिनी भाषेत यांना 'गशाओ' म्हणतात. 'ग' म्हणजे कबुतर, 'शाओ' म्हणजे शिट्टी.

आमच्या घरी कबुतरं आबांच्या तरुणपणापासून आहेत. आबा मिलमध्ये कामाला होते. पाळी संपली की जेवायच्या आधी धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या छतावर, जायचे, असं सासूबाई सांगायच्या. आता धाब्याच्या जागी स्लॅब आहे, आबांचे गुडघे गेलेत, एका डोळ्याने नीट दिसत नाही, आणि नऊ वर्षांपासून दाणापाणी, खुराड्याची झाडलोट, पिल्लांची देखभाल सगळं माझ्याकडे आहे. बावीस पक्षी आहेत. चौदा गिरेबाज, सहा होमर (लांबून सोडलं तरी घरी परतणारे), दोन लक्के. लक्के नुसते शोभेचे, उडत नाहीत.

आमच्याकडे कबुतराच्या पायात घुंगरू बांधायची जुनी पद्धत आहे. आबांनीही बांधलेत. पण घुंगरू कबुतर चालतं तेव्हा वाजतात, आकाशात गेलं की त्यांचा आवाज खाली पोहोचत नाही. या शिट्टीचं उलट आहे. खाली बसलेलं कबुतर मुकं, उडालं की आवाज सुरू.

दिवाळीपासून आखाजीपर्यंत (आखाजी म्हणजे अक्षय तृतीया), पुरा एक हंगाम वापरून मग हे लिहिते आहे. कारण आणल्या आणल्या पहिल्या आठवड्यात मी लिहिलं असतं, तर नुसतं कौतुकच लिहिलं असतं.

आधी वस्तूबद्दल. खोक्यात होतं ते असं : बांबूच्या दोन नळ्यांची एक, तीन नळ्यांची एक, छोट्या भोपळ्याची एक, आणि रस्त्यावरच्या दुकानात स्वस्त मिळाली म्हणून त्याने उचललेली प्लॅस्टिकची एक. बांबूची दोन नळ्यांची शिट्टी हातात घेतली तेव्हा मी ती कितीतरी वेळ खाली ठेवली नाही. करंगळीच्या पेराएवढ्या जाड दोन नळ्या एकामागे एक उभ्या. पुढची आखूड, मागची उंच, म्हणजे मागच्या नळीच्या तोंडाला वारा अडत नाही. बांबू आतून इतका तासलेला की उजेडात धरला तर भिंत कागदासारखी वाटते. प्रत्येक नळीवर टोपण, टोपणाला एक तिरकी फट. त्या फटीची धार मी बोटाने तपासली. काज कापताना कात्रीचं टोक जिथे थांबायला हवं तिथेच थांबलं की कसा काज होतो, तशी ती फट होती. कुठे कूस नाही, कुठे जादा कापलेलं नाही. सगळ्यावर लाखी रंगाचा चकचकीत लेप. खाली एक चपटी जीभ, तिला आरपार भोक. आणि बुडाशी कोरलेलं एक चिनी अक्षर.

ते अक्षर कारागिराची खूण असते. बीजिंगमध्ये ही परंपराच आहे. शिट्टी करणारी घराणी आपलं एकेक अक्षर बुडाशी कोरत आली, आणि शौकीन लोक ते अक्षर बघून शिट्टी ओळखतात, जुन्या नामवंत हातांच्या शिट्ट्या जपून ठेवतात. आमच्या शिट्टीचा कारागीर काही नामवंत नाही, आजचाच आहे. पण मी स्वतः हाताने काम करते. मला हात कळतो. हा हात चांगला आहे.

सोनाराच्या काट्यावर वजन करून आणलं. दोन नळ्यांची ४ ग्रॅम २०० मिलिग्रॅम. तीन नळ्यांची ६ ग्रॅम. भोपळ्याची १३ ग्रॅम. प्लॅस्टिकची ९ ग्रॅम. आमचा लाल्या हा होमर ३४० ग्रॅमचा आहे. त्याला दोन नळ्यांची बांधली तर त्याच्या वजनाच्या सव्वा टक्क्याएवढाच भार, भोपळ्याची बांधली तर जवळपास चार टक्के. शिट्टी विकत घ्यायचा विचार असेल तर आवाजाच्या आधी हा हिशेब करा. विकणारा आवाज ऐकवतो, वजन सांगत नाही.

आता बांधणं. कबुतराला शेपटीची मोठी पिसं बहुतेक बारा असतात. त्यातली मधली चार घ्यायची. कातडीपासून साधारण दीड सेंटीमीटरवर सुईने धावदोरा घालून ती चार पिसं एकमेकांना जोडायची. मग शिट्टीची जीभ मधल्या दोन पिसांच्या फटीतून वरून खाली सोडायची. जिभेचं भोक शेपटीच्या खालच्या बाजूला दिसतं. त्यातून बारीक तार घालून पीळ द्यायचा. झालं. शिट्टीचं तोंड पुढे, डोक्याच्या दिशेने.

वाचायला सोपं आहे, पहिल्या वेळी मला चाळीस मिनिटं लागली. एकाने कबुतर धरायला हवं. आबांनी धरलं. त्यांच्या हातात कबुतर जसं गप्प बसतं तसं माझ्या हातात अजून बसत नाही. मी नऊ नंबरची सुई आणि भाच्याने आणलेला तो रेशमी दोरा वापरला. सुती दोरा घेऊ नका. पावसात फुगतो, उन्हात आकसतो आणि पिसाची दांडी घासतो. टाका पिसाच्या कडेने घ्यायचा. पूर्ण वाढलेल्या पिसाच्या दांडीला रक्त नसतं, ते आपल्या नखासारखं असतं, म्हणून पक्ष्याला दुखत नाही. पण पीस नवं येत असेल, दांडी निळसर आणि मऊ दिसत असेल, तर तिच्यात रक्त असतं. त्या पिसाला सुई लावू नका. हे मी ठळकपणे सांगते आहे, कारण शिट्टीच्या खोक्यात याबद्दल एक चिठ्ठीसुद्धा नव्हती. बांधायची पद्धत भाच्याने तिथल्या कबुतरवाल्याकडून फोनवर चित्रफीत काढून आणली नसती, तर मी ती पायाला बांधून बसले असते.

पहिले तीन दिवस शिट्टी बांधलीच नाही. कोटाची दोन बटणं, वजन तेवढंच, त्याच जागी तारेने लावली आणि लाल्याला सोडलं. पहिल्या दिवशी तो छत्रीवर, म्हणजे कबुतरांना बसायच्या उंच मांडवावर, बसून मान मागे वळवून चोच मारत राहिला. तिसऱ्या दिवशी विसरला. चौथ्या दिवशी, कार्तिकातल्या सकाळी सातच्या सुमारास, बटणं काढून शिट्टी लावली आणि सहाही होमर एकदम उडवले.

आवाज कसा, हे सांगणं मला अवघड जातं आहे. 'शिट्टी' म्हटल्यावर जो तीक्ष्ण आवाज डोक्यात येतो तो नाही. लहानपणी पोकळ भोवरा फिरवला की घुमायचा, तसा घुमणारा, पण उंचावरून येणारा आणि न थांबणारा. दोन नळ्यांचे दोन सूर, एकमेकांत मिसळलेले. शेजारचे नाना भजनी मंडळात पेटी वाजवतात. ते खाली अंगणात दात घासत होते, तोंडातला फेस थुंकून म्हणाले, "सा आणि ग आहे हे." समोरच्या घरातली म्हातारी बाहेर येऊन वर बघत उभी राहिली. "माय वं, आभायमा काय वाजी ऱ्हायनं?"

मी कबुतरांकडे बघत होते. आबा खाटेवर बसून डोळे मिटून ऐकत होते. थव्याने बोरी नदीकडे एक मोठी गिरकी घेतली, आवाज बारीक होत गेला, मग वळून परत आला तसा भरत गेला. येताना सूर किंचित चढा, डोक्यावरून पुढे गेला की किंचित उतरलेला. सुरत-भुसावळ लाईनवरची गाडी हॉर्न देत जाते तेव्हा होतं तेच. चौथ्या गिरकीला आबा म्हणाले, "लाल्या मांगे पडी ग्या." मी पाहिलं तर खरंच लाल्या थव्याच्या दोन घरं मागे होता. पाचही जण पुढे होते आणि मला वाटत होतं सगळे बरोबरच आहेत.

माझ्या मते या शिट्टीची खरी किंमत इथे आहे. ती दागिना नाही. थवा कसा उडतो ते तुम्हाला ती ऐकवते. कबुतर वळताना एका बाजूला झुकतं तेव्हा वारा फटीवर सरळ पडत नाही, आवाज क्षणभर दबतो. पंख धरून तरंगतं तेव्हा सूर सपाट राहतो, जोराने पंख मारतं तेव्हा त्याच्यात लाटा येतात. वेग वाढला की आवाज भरतो. नऊ वर्षं मी या पक्ष्यांकडे बघते आहे. भुऱ्या नेहमी वाऱ्याच्या उलट बाजूने वळायला कचरतो, हे मला त्याला शिट्टी बांधल्यावर आठवड्याभरात कळलं. डोळ्यांनी नऊ वर्षांत कळलं नव्हतं.

नळीचं गणित साधं आहे. तळाशी बंद असलेली नळी, तोंडावर फट. वारा फटीच्या धारेवर आदळतो, आतली हवा थरथरते. पेनाच्या टोपणात फुंकर मारून आपण सगळ्यांनी शाळेत हा आवाज काढला आहे. नळी आखूड तेवढा सूर उंच. निम्मी केली तर बरोबर एक सप्तक वर. भोपळ्याचं पोट मोठं असतं म्हणून त्याचा सूर खर्जाकडे. कारागिराचं कसब फटीच्या तिरकेपणात आणि भिंतीच्या पातळपणात आहे, ते मला स्वतः करून बघितल्यावर पटलं. बुरूड गल्लीतून बांबू आणला, नळी कापली, आइस्क्रीमच्या काडीचं टोपण बसवलं. फुंकर मारली की वाजायची, कबुतराच्या शेपटीवर मात्र एक शब्द नाही. फुंकर आपण हव्या त्या कोनात मारतो, वारा तसा येत नाही. चार वेळा फट कापली, चारही वेळा फुकट.

आपल्याकडे बांबू आणि भोपळा एकत्र आणून वाजवायची विद्या नाही असं नाही. साक्री, नवापूरकडे डोंगऱ्या देवाच्या उत्सवात पावरी वाजते, तीही बांबू आणि भोपळ्याचीच. तो कारागीर ही शिट्टी करू शकेल असा माझा पक्का विश्वास आहे. पुढच्या वेळी साक्रीला गेले की दोन नळ्यांची शिट्टी घेऊन जाणार आहे.

आता भोपळ्याच्या शिट्टीबद्दल. दिसायला ती सगळ्यात सुंदर. लिंबाएवढा गोल भोपळा, वर बांबूचं रुंद तोंड, दोन्ही बाजूंना दोन बारीक नळ्या. आवाज गंभीर, देवळातल्या घंटेचा घुमार मागे उरतो तसा. आबांना हीच सर्वांत आवडली. मला नाही, आणि त्याला कारणं आहेत. तेरा ग्रॅम वजनाने चांदणीसारखी दमदार मादीसुद्धा वीस मिनिटांत खाली येऊन बसते, एरवी ती पाऊण तास उडते. दुसरं, आपलं हवामान. ही शिट्टी थंड, कोरड्या बीजिंगच्या हिवाळ्यासाठी झालेली आहे. फाल्गुनात पारा चाळीसच्या पुढे गेला आणि भोपळा व बांबूचं तोंड यांच्यातला सांधा सुटला. सोनाराकडून लाखेने बसवून घेतला. दहा दिवस टिकला, मग दुपारच्या उन्हात लाखच मऊ झाली. शेवटी सुताराच्या सरसाने बसवला तो अजून आहे, पण सूर पहिल्यासारखा राहिला नाही, कडेने हवा निसटते. एवढे पैसे घेणाऱ्या कारागिराने सांध्यावर आणखी एक लेप द्यायला हवा होता. बांबूच्या दोन्ही शिट्ट्यांना मात्र चैत्रातल्या उन्हानेसुद्धा काही झालं नाही.

तीन नळ्यांच्या शिट्टीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. चांगली आहे, सूर तीन आहेत, पण तिसरी नळी एवढी बारीक की तिचा आवाज कबुतर छतावरून गेलं तरच ऐकू येतो.

प्लॅस्टिकची शिट्टी घेऊ नका. आवाज एकसुरी आणि कर्कश, डास कानाशी गुणगुणावा तसा. जाड भिंत, जड जीभ, भोकाची कड धारदार. दुसऱ्या दिवशी लाल्याच्या एका पिसाची दांडी त्या कडेने चिरलेली दिसली. त्याच दिवशी काढली, नंतर कुठल्याच पक्ष्याला लावली नाही.

किंमत. दोन नळ्यांची ६० युआन, म्हणजे रुपयाच्या भावात सातशेच्या आसपास. तीन नळ्यांची ९० युआन. भोपळ्याची १८०, म्हणजे दोन हजारांच्या वर. नावाजलेल्या कारागिरांच्या आणि जुन्या शिट्ट्या याहून खूप महाग असतात. खान्देशात ही वस्तू मी कुठे पाहिली नाही. तिकडून कोणी येणार असेल तर त्याच्याकडूनच मागवा, आणि हातसामानात, कापसात गुंडाळून आणायला सांगा.

कोणत्या कबुतरासाठी घ्यावी? याबाबतीत मी पहिल्या महिन्यात चूक केली. उत्साहाने एका गिरेबाजालाही बांधली. गिरेबाज हवेत कोलांट्या घेतो. कोलांटीत शिट्टी गप्प होते, आणि शेपटीवरचा भार त्याचा तोल बिघडवतो. तो दोन वेळा छताच्या फार जवळ सावरला. माझ्या पोटात गोळा आला, लगेच उतरवून शिट्टी काढली. बीजिंगमध्ये शिट्टीची कबुतरं घराभोवती थव्याने गिरक्या घेणारी असतात, शर्यतीची किंवा तासन्‌तास ठिपका होईपर्यंत चढणारी नाहीत. आपल्याकडेही तेच पाळा. थव्याने, मध्यम उंचीवर, घराला फेऱ्या घालणारे पक्षी तुमच्याकडे असतील तरच पैसे घाला. एकट्या कबुतराला बांधू नका, हे आबांचं सांगणं. दुसऱ्या आठवड्यातच ते म्हणाले होते, "एकल्याले नको बांधू माय, दोन्हीसले बांध." तेव्हापासून लाल्याला दोन नळ्यांची आणि भुऱ्याला तीन नळ्यांची. दोन शिट्ट्या थव्याच्या दोन टोकांना असल्या की मधलं अंतर ऐकू येतं.

शिट्टीने ससाणा, शिक्रा घाबरतो असं चीनमध्ये फार जुनं बोलणं आहे, आणि विकणारेही ते सांगतात. त्यासाठी विकत घेऊ नका. मार्गशीर्षात शिक्र्याने शिट्टी वाजत असलेल्या भुऱ्यावरच झडप घातली. भुऱ्या वाचला तो वेळेवर खाली वळल्यामुळे, पाठीची पिसं मात्र गेली. शिट्टी वाजतच होती.

संक्रांतीला पाच दिवस मी एकही पक्षी सोडला नाही. नायलॉन मांजावर बंदी आहे तरी आकाशात तो असतोच. साध्या कबुतराच्या पंखाला मांजा लागतो, शिट्टीवाल्याच्या तर शेपटीवर अडकायला एक आयता खुंटाच असतो. गावातल्या सर्व कबुतरवाल्यांना हात जोडून सांगते, त्या दिवसांत शिट्टी काढून ठेवा.

आणि बुडाशी कोरलेलं ते अक्षर. मे २०२३ मध्ये मुंबईत चेंबूर भागात एक कबुतर पकडलं होतं. पायात कडी आणि पंखांवर चिनीसारखी दिसणारी अक्षरं, म्हणून हेरगिरीचा संशय आला, आणि ते बिचारं सुमारे आठ महिने रुग्णालयात अडकून पडलं. शेवटी ते तैवानमधलं शर्यतीचं कबुतर निघालं आणि जानेवारी २०२४ च्या अखेरीस त्याला सोडून दिलं. ही बातमी मला आठवत होती, म्हणून पहिल्याच दिवशी गल्लीत सगळ्यांना शिट्टी हातात देऊन दाखवली. पोरांना फुंकर मारून वाजवू दिली. लाल्या आणि भुऱ्याच्या पायातल्या कड्यांवर आमचा फोन नंबर देवनागरीत लिहिला आहे. तरीही दोन गल्ल्या पलीकडून एक जण ड्रोन आलं म्हणून विचारायला आलाच. त्यालाही वर नेऊन दाखवलं, चहा पाजला, आता तो सकाळी स्वतःच्या गच्चीवर खुर्ची टाकून बसतो.

तक्रार एकच खरी आली. मागच्या घरातली मुलगी बारावीला होती, सकाळी अभ्यास करायची. तिच्या आईने सांगितल्यावर परीक्षा संपेपर्यंत आम्ही शिट्टी फक्त संध्याकाळी पाचनंतर लावली. आवाज लहान नाही, हे घेणाऱ्याने लक्षात ठेवावं. शांत सकाळी पार नदीपलीकडे ऐकू जातो.

या वस्तूचा इतिहास भाच्याने आबांना सांगितला, तेव्हापासून घरी येणाऱ्या प्रत्येकाला आबा तो सांगतात. इ. स. १०४१ मध्ये चीनच्या सोंग राज्याचं सैन्य पश्चिमेकडच्या शिया राज्यावर चालून गेलं होतं. वाटेत रस्त्याच्या कडेला काही बंद पेट्या पडलेल्या दिसल्या, आतून हालचाल ऐकू येत होती. शिपाई उघडायला धजेनात. सेनापती रेन फू आला, त्याने उघडायला लावल्या. आतून शंभरावर कबुतरं शिट्ट्या वाजवत उडाली आणि सैन्याच्या डोक्यावर घिरट्या घालू लागली. दबा धरून बसलेल्या शियाच्या सैन्याला शत्रू नेमका कुठे आहे ते कळलं आणि त्यांनी वेढा घातला. सोंगचा मोठा पराभव झाला, रेन फू तिथेच पडला. आबा हे सांगताना "पेट्या उघडल्या" इथे थांबतात आणि बोट वर करतात.

भाच्याने आणखी एक सांगितलं. वांग शिश्यांग नावाचे एक गृहस्थ होते, १९१४ चा जन्म, २००९ मध्ये वारले. चीनच्या जुन्या लाकडी फर्निचरचे ते फार मोठे अभ्यासक. पण लहानपणापासून कबुतरांचं वेड. बीजिंगच्या या शिट्ट्यांवर त्यांनी पुस्तक लिहिलं, ते १९८९ मध्ये निघालं. कुठली शिट्टी कशी करतात, कोणता कारागीर कोणतं अक्षर कोरायचा, शेपटीला कशी बांधायची, सगळं लिहून ठेवलं. एवढ्या मोठ्या माणसाला हे लिहावंसं वाटलं, याचं मला फार अप्रूप वाटतं. आबांनी साठ वर्षांत जे शिकलं, कबुतराची नजर, पंखाची ठेवण, आजाऱ्याला काय द्यायचं, दादर ज्वारी कधी आणि बाजरी कधी घालायची, ते कोणीच लिहिलेलं नाही. मी एक दोनशे पानी वही केली आहे, रोज संध्याकाळी आबा सांगतील ते अर्धं पान लिहिते.

बीजिंगमध्येही आता हा आवाज कमी झालाय. जुन्या बैठ्या घरांच्या गल्ल्या, ज्यांना तिथे 'हुतोंग' म्हणतात, त्या पुष्कळशा पाडल्या गेल्या, आणि उंच इमारतीत कबुतरं पाळता येत नाहीत. तिथे शीजिया नावाच्या हुतोंगमध्ये एक छोटं संग्रहालय आहे. त्यात जुन्या शहराचे आवाज ऐकवणारी एक खोली आहे, त्या आवाजांत कबुतरांच्या शिट्ट्याही आहेत. भाच्याने हा आवाज पहिल्यांदा तिथे ऐकला, आणि मग बाहेर येऊन बाजार शोधला. आबांनी त्याला विचारलं, "खोलीमा? कबुतरं कोठे व्हतात मंग?" त्याने सांगितलं की कबुतरं नव्हती, नुसता आवाज होता. आबा बराच वेळ काही बोलले नाहीत.

आखाजीला नणंद माहेरपणाला आली होती. अंगणातल्या निंबाला झोका बांधला होता, पोरी गाणी म्हणत होत्या. संध्याकाळी मी थवा सोडला. झोक्यावरच्या पोरी गाणं थांबवून वर बघायला लागल्या, मग त्यातल्या एकीने शिट्टीच्या सुराला सूर लावून पुढची ओळ धरली. तो सूर तिच्यासाठी फार वर होता, पण तिने दोन ओळी ओढल्या.

गुण द्यायचे तर दोन नळ्यांच्या शिट्टीला पाचपैकी साडेचार. अर्धा गुण कापला तो सोबत चिठ्ठी नाही म्हणून. तीन नळ्यांना साडेतीन. भोपळ्याला कारागिरीसाठी चार आणि आमच्या हवेत वापरण्यासाठी दोन, ज्याला जे महत्त्वाचं वाटेल ते त्याने धरावं. प्लॅस्टिकला शून्य.

भाचा पौषात पुन्हा जाणार आहे. मी दोन नळ्यांच्या आणखी दोन सांगितल्यात, एक आहे तिच्याहून थोडी आखूड, एक थोडी उंच. आबांनी त्याला वेगळं सांगितलंय, मला न विचारता. तिथे अकरा नळ्यांच्या, तेरा नळ्यांच्याही शिट्ट्या असतात असं त्यांनी ऐकलंय. आली तर आधी सोनाराच्या काट्यावर ठेवीन.

सध्या भाद्रपद आहे, पिसं गळायचे दिवस. लाल्याच्या शेपटीतली मधली दोन पिसं जुन्या टाक्यासकट गळून पडली. नवी अर्धीच वर आली आहेत, दांड्या अजून निळ्या आहेत. शिट्ट्या माझ्या बॉबिनच्या डब्यात, कापसात ठेवल्या आहेत.